मागची तारीख, पुढची तारीख आणि ‘पासून’

प्रश्न असा आहे: दोघा भागीदारांनी एप्रिलमध्ये धंदा सुरू केला, भागीदारीपत्र मात्र आता सप्टेंबरमध्ये होत आहे आणि ते मराठीत करायचे आहे. बॅकडेट, अँटीडेट, पोस्टडेट, प्रीडेट यांना मराठीत काय म्हणायचे, ‘पूर्वलक्षी’ हा त्यांतलाच शब्द का, आणि पत्रावर सरळ १ एप्रिल ही तारीख टाकली तर बिघडते कुठे?

शब्दांचे उत्तर लवकर देता येते, ‘बिघडते कुठे’ याला वेळ लागेल. पण दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण तीन निरनिराळ्या गोष्टींना आपण सर्रास ‘मागची तारीख’ म्हणून मोकळे होतो. सही झाली त्याच्या आधीचा दिवस कागदावर लिहिणे, ही एक. कागदावर आजचाच दिवस लिहून त्याचा अंमल मागच्या दिवसापासून धरणे, ही दुसरी. आणि एखादा कागद मुळातच दुसऱ्या कागदाच्या आधीचा असणे, ही तिसरी. पहिलीत खोटेपणा असू शकतो, दुसरीत सहसा नसतो आणि तिसरीत कोणी काही केलेलेच नसते.

पहिलीला बोलताना ‘मागच्या तारखेचा कागद’ म्हणतात, लिहिताना ‘मागील तारखेचा’ किंवा ‘पूर्वदिनांकित’. बॅकडेट आणि अँटीडेट यांच्या अर्थात फरक नाही. अँटीडेट वकिली लिखाणात सापडतो, बॅकडेट कचेरीत आणि बाजारात, आणि त्याला संशयाचा वास जास्त. पोस्टडेटला परिभाषेत ‘उत्तरदिनांकित’ म्हणतात, पण मी दस्तात ‘पुढील तारखेचा’ असेच लिहिते. सही करणाऱ्याला वाचताक्षणी कळले पाहिजे, आणि ‘उत्तरदिनांकित’ म्हणजे आधीचे की नंतरचे यावर शिकलेली माणसेही अडतात. ‘आगाऊ धनादेश’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळा. त्याचा एक अर्थ पुढच्या तारखेचा चेक आणि दुसरा अर्थ इसाऱ्यापोटी आधीच दिलेली रक्कम. भांडण लागले की एक पक्ष एक अर्थ धरतो, दुसरा दुसरा.

प्रीडेटला वेगळा शब्द शोधूच नका. ‘हे मृत्युपत्र त्या बक्षीसपत्राच्या आधीचे आहे’ एवढे पुरते. कोणता कागद आधीचा आणि कोणता नंतरचा, यावर कधीकधी सगळे अवलंबून असते; दोन मृत्युपत्रांत विसंगती असेल तर शेवटचे चालते. तिथे ‘पूर्वदिनांकित मृत्युपत्र’ असे लिहिले, तर कोणीतरी मागची तारीख घातली असा आरोप नकळत केल्यासारखे होईल.

‘पूर्वलक्षी’ हा कागदाचा गुण नाही, परिणामाचा आहे. ‘पूर्वलक्षी करार’ म्हणू नका, ‘पूर्वलक्षी प्रभावाने लागू होणारा करार’ म्हणा. सरकारी लिखाणात ‘भूतलक्षी प्रभावाने’ असेही येते, अर्थ तोच. सर्वांना आठवेल असे उदाहरण २०१२ च्या वित्त अधिनियमाचे. व्होडाफोन कंपनीच्या कराच्या प्रकरणात जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या विरुद्ध गेला आणि त्याच वर्षी आयकर कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिचा अंमल १ एप्रिल १९६२ पासून धरला गेला. त्यावर वादळ उठले आणि २०२१ मध्ये संसदेने त्या तरतुदीखालच्या जुन्या व्यवहारांवरील मागण्या मागे घेण्याचा कायदा केला. धोरण चूक की बरोबर हा वेगळा विषय. पण त्या कागदावर कोणी १९६२ ही तारीख लिहिली नव्हती. कागद २०१२ चा, हे उघड होते आणि अंमल मागे नेला आहे हेही उघड लिहिले होते. फौजदारी कायद्यात मात्र एवढीही मुभा नाही. कृत्य केले तेव्हा जे गुन्हा नव्हते त्यासाठी नंतरच्या कायद्याने शिक्षा देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(१) मध्ये आहे.

प्रशासनाने या कामासाठी काही नेमके शब्द घडवले आहेत आणि ते खासगी दस्तांतही वापरावेत असे माझे ठाम मत आहे. कर्मचाऱ्याला पदोन्नती उशिरा मिळाली, पण ती अमुक दिवशी मिळाली असे धरायचे असेल, तर आदेशात ‘मानीव दिनांक’ येतो. खर्च आधी झाला आणि मंजुरी नंतर मिळाली, तर ‘कार्योत्तर मंजुरी’. अधिकार नसताना एखाद्याने तुमच्या वतीने व्यवहार केला आणि तुम्ही नंतर तो आपला मानला, तर ‘अनुसमर्थन’. १८७२ च्या करार कायद्यात याची तरतूद आहे आणि अनुसमर्थन केले की ते काम तुमच्या अधिकाराने झाले असे धरतात. तिन्ही शब्द काय झाले आणि केव्हा झाले हे लपवत नाहीत. सभेच्या इतिवृत्तात मागची तारीख घालून ठराव घुसडणाऱ्या समित्यांना खरे तर हवी असते ती कार्योत्तर मंजुरीच, आणि ती पुढच्या सभेत एका ठरावाने मिळते.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांत आणखी एक चांगली गोष्ट आहे. निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो. त्याचे पहिले आठ आकडे सुटे करून वाचा: वर्ष, महिना, दिवस. निर्णय कोणत्याही दिवसापासून लागू केलेला असो, तो संकेतस्थळावर केव्हा चढवला हे त्यातच कोरलेले राहते.

आता एप्रिलच्या तारखेकडे येते. चुकीची तारीख पडली की लगेच गुन्हा होतो असे नाही, त्यासाठी लबाडीचा किंवा फसवणुकीचा हेतू लागतो. पण मागची तारीख हे बनावट दस्ताचे किती जुने रूप आहे, ते १८६० च्या दंड संहितेतच दिसते. कलम ४६४ खालच्या एका उदाहरणात एक जण आपली मिळकत दुसऱ्याला विकतो. नंतर त्याला फसवण्यासाठी तीच मिळकत तिसऱ्याच्या नावे करून देतो आणि त्या खतावर पहिल्या विक्रीच्या सहा महिने आधीची तारीख टाकतो. सही त्याचीच, मिळकतही एके काळी त्याचीच, खोटी आहे ती फक्त तारीख. संहिता म्हणते, हे बनावटीकरण. दुसऱ्या उदाहरणातला व्यापारी दिवाळखोरीच्या तोंडावर असताना वचनचिठ्ठी लिहितो आणि ती आधीची वाटावी म्हणून मागची तारीख घालतो, तेही बनावटीकरण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही व्याख्या कलम ३३५ मध्ये आली आणि उदाहरणेही सोबत आली. आपल्या हाताने, आपल्या सहीने केलेला कागद बनावट कसा ठरेल, असे विचारणाऱ्यांनी ती दोन उदाहरणे जरूर वाचावीत.

तुमच्या बाबतीत दुःखाची गोष्ट ही की मागच्या तारखेची गरजच नाही. १९३२ च्या भागीदारी अधिनियमानुसार भागीदारी जन्माला यायला लेखी पत्र लागत नाही. नफा वाटून घेण्याचे तोंडी ठरले आणि धंदा सुरू झाला की भागीदारी झाली. तुमची भागीदारी खरोखरच एप्रिलपासून आहे, फक्त पत्र सप्टेंबरचे आहे. मग तसेच लिहा:

‘हे भागीदारीपत्र आज दि. १२ सप्टेंबर २०२५ रोजी लिहून दिले असे. उभय पक्षकार दि. १ एप्रिल २०२५ पासून, तो दिवस धरून, तोंडी ठरलेल्या अटींवर भागीदारीत व्यवसाय करीत आहेत. त्या अटी या पत्रात लेखी नमूद केल्या असून त्या दि. १ एप्रिल २०२५ पासून उभय पक्षकारांवर बंधनकारक आहेत.’

यात एकही शब्द खोटा नाही, आणि एप्रिल ते सप्टेंबरचा नफा कसा वाटायचा याचे उत्तर दोघांपुरते पक्के झाले. ‘दोघांपुरते’ हा शब्द ध्यानात ठेवा. पक्षकार आपसात अंमल मागे नेऊ शकतात, त्रयस्थावर आणि सरकारी खात्यावर तो लादू शकत नाहीत. इथेच माणसे घसरतात. भागीदारांना पगार आणि भांडवलावर व्याज दिले तर ते संस्थेच्या उत्पन्नातून वजा होते, पण १९६१ च्या आयकर अधिनियमाने कलम ४०(ब) मध्ये स्पष्ट सांगितले की भागीदारीपत्राच्या तारखेपूर्वीच्या काळाचा पगार किंवा व्याज वजा होणार नाही, त्या काळासाठी आधीचे पत्र असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे वरचा नमुना कितीही छान लिहिला, तरी एप्रिल ते सप्टेंबरच्या पगाराची वजावट तो मिळवून देत नाही. आणि नेमकी तीच वजावट मिळावी म्हणून ‘एप्रिलची तारीख टाका ना’ असा आग्रह होतो. तारीख टाकण्यामागे पैशाचा फायदा आला की हेतूचा प्रश्न सुटला, चौकशी करणाऱ्याला आणखी काही शोधावे लागत नाही. त्या पाच-सहा महिन्यांच्या वजावटीवर पाणी सोडा.

शिवाय अशी तारीख टिकतही नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे दस्तावरचे मुद्रांक सहीच्या आधी, सही करताना किंवा फार तर लगेच पुढच्या कामाच्या दिवशी लागले पाहिजे. मुद्रांकावर विक्रीची तारीख असते, तीच मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत असते. ऑगस्टमध्ये घेतलेल्या मुद्रांकावर एप्रिलचा दस्त पहिल्या नजरेतच पडतो. त्यावर उपाय म्हणून जुना मुद्रांक शोधत फिरणारे असतात, पण कलम ५२ब मुळे घेतल्यापासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक निरुपयोगी होतो. नोटरीकडेही अनुक्रमांक घातलेली नोंदवही असते, आणि तिथे मागच्या दिवसाच्या दोन नोंदींमध्ये जागा नसते.

मुद्रांक नसलेले कागद आणखी गमतीशीर ठिकाणी पकडले जातात. पत्रावर तारीख २०१५ ची आणि पत्रशीर्षावर छापलेला जीएसटी क्रमांक. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. तारीख १९७० ची आणि पत्त्यात सहा आकडी पिन कोड. पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. कागद तपासायला आला की मी आधी मजकूर वाचत नाही. पत्ता, फोन क्रमांक, शिक्का, छापखान्याची ओळ, असे कडेकडेने वाचते. मागची तारीख टाकणारा मजकुराची काळजी घेतो, कडा विसरतो.

अक्षरवळणसुद्धा बोलते. पाकिस्तानात पनामा पेपर्सच्या चौकशीत २०१७ मध्ये पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या कन्या मरियम नवाझ यांच्याशी संबंधित जाहीरनाम्यांवर फेब्रुवारी २००६ ची तारीख होती, आणि मजकूर कॅलिब्री या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये होता. हा टंक बाजारात आला तो जानेवारी २००७ च्या अखेरीस, असा अभिप्राय लंडनच्या तज्ज्ञाने दिला आणि चौकशी पथकाने तो अहवालात नोंदवला. पुढे २०२२ मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली, हेही सांगायला हवे. पण कागदावरची तारीख मजकुराबाहेरच्या एका गोष्टीने अडचणीत येते ती कशी, हे त्या टंकाने सगळ्या जगाला दाखवले.

उसनवारीतही तारखेचा मोह फार. वचनचिठ्ठीची तीन वर्षांची मुदत संपली आणि मग ऋणको-धनको समोरासमोर बसून ‘देणे कबूल’ असे लिहितात, तारीख मात्र मुदतीतली टाकतात. दोघेही राजी असतात, म्हणून यात कोणाला फसवल्यासारखे वाटत नाही. पण उद्या ऋणकोचा दुसरा धनको किंवा वारस उभा राहिला की ती तारीख त्याच्याविरुद्ध खोटी ठरते. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे कबुली मुदत संपण्याआधीची असली तरच नवी मुदत सुरू होते. मुदत खरेच संपली असेल तर करार कायद्याचे कलम २५(३) पाहा. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी आणि सही केलेले वचन हा वैध करार आहे. ‘देणे मुदतबाह्य झाले आहे हे मला माहीत आहे, तरीही मी ते अमुक दिवसापर्यंत फेडीन’ असे आजच्या तारखेने लिहून घ्या. नुसती कबुली इथे चालत नाही, फेडण्याचे वचन लागते. हा एक फरक माहीत नसल्याने किती चांगल्या माणसांनी खोटी तारीख घातली असेल, याचे मला वाईट वाटते.

नोंदणीत मोह उलट्या दिशेचा असतो. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. ते महिने उलटले की सहीच्या जागी पुढची तारीख टाकण्याची कल्पना कोणीतरी मांडतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने कलम २५ मध्ये आणखी चार महिने दिले आहेत, नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून. तेही संपले तर पक्षकारांनी नव्याने, नव्या तारखेचा दस्त करावा. आणि वेळेत नोंदणी झाली तर कलम ४७ प्रमाणे दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तो मुळात ज्या दिवसापासून लागू व्हायचा त्या दिवसापासून लागू होतो. सही ५ मार्चला, नोंदणी २० जूनला, तरी हक्क ५ मार्चचा. इथे कायदाच मागे जातो, माणसाने जायची गरज नाही.

पुढील तारखेच्या चेकबद्दल मात्र उगाच अपराधी वाटून घेऊ नका. तो पूर्ण कायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटल्याप्रमाणे त्यावरची तारीख येईपर्यंत ती हुंडी असते आणि त्या तारखेपासून चेक होतो. मुदतही तिथपासूनच मोजायची. १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिने आहे. चेकवर तारीख असेल तर तो त्याच दिवशी काढला असे न्यायालय धरून चालते, उलटे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर. खरा धोका सही करून तारखेची जागा कोरी सोडण्यात आहे. स्वखुशीने दिलेल्या कोऱ्या चेकवर घेणाऱ्याने तपशील भरले तरी देणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. चेकवर खाडाखोड चालत नाही, नाव किंवा रक्कम बदलायची तर नवा चेक. तारखेची मुदत वाढवायला तेवढी सूट रिझर्व्ह बँकेने ठेवली आहे, पण तीही चेक देणाऱ्याच्या सहीने. घेणाऱ्याने परस्पर तारीख बदलली तर संमती न देणाऱ्याच्या विरुद्ध तो चेक निकामी होतो.

आयुर्विम्यात तर मागची तारीख सर्वांसमक्ष, पैसे घेऊन दिली जाते. वाढदिवसाच्या हिशेबाने वय एक वर्षाने वाढले आणि हप्ता चढला, तर त्याच आर्थिक वर्षातला मागचा दिवस पॉलिसीच्या आरंभाचा दिवस म्हणून मागता येतो. तेवढ्या काळाचे हप्ते आणि व्याज भरावे लागते. प्रस्तावाची तारीख वेगळी आणि आरंभाची वेगळी, दोन्ही कागदावर नोंदलेल्या असतात. ‘आरंभ दिनांक’ हा शब्द मला म्हणूनच आवडतो, तुमच्या पत्रातही तो वापरा.

वरच्या नमुन्यात ‘तो दिवस धरून’ असे मी मुद्दाम लिहिले आहे. बोलण्यात ‘१ एप्रिलपासून’ म्हटले की आपण १ एप्रिल धरतोच. पण १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात, कायद्याच्या मजकुरात मुदतीचा पहिला दिवस वगळायला ‘पासून’ एवढा शब्द पुरेसा मानला आहे, आणि मुदती मोजताना न्यायालयेही साधारण त्याच वाटेने जातात. एका दिवसाने हप्ता चुकतो, नोटीस उशिरा ठरते. तेव्हा ‘धरून’ किंवा ‘सोडून’ लिहायला संकोच नको. दोघे भागीदार वेगवेगळ्या दिवशी सह्या करणार असतील, तर प्रत्येकाने आपल्या सहीखाली आपल्या हाताने खरी तारीख लिहावी. दस्त पुरा होण्याचा दिवस शेवटच्या सहीचा.

आणि एप्रिलची तारीख छापून सह्या होऊन गेल्या असतील, तर त्यावर पांढरा रंग लावू नका, पानही बदलू नका. आजच्या तारखेचे चूकदुरुस्ती पत्र करा. मूळ पत्रावर दि. १ एप्रिल पडली आहे, प्रत्यक्ष सह्या अमुक दिवशी झाल्या, भागीदारीचा आरंभ दिनांक १ एप्रिल हाच आहे, एवढी तीन वाक्ये त्यात येऊ द्या. दोघांच्या आणि त्याच साक्षीदारांच्या सह्या घ्या, मूळ पत्राला जोडा आणि बँकेत किंवा कर सल्लागाराकडे मूळ पत्राची प्रत गेली असेल तिथे याचीही प्रत पोहोचवा.